कोंडलेल्या हवेचा हिशोब : फवारा, टायर, गोबर गॅस आणि इंजिन



सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही हाताने अनुभवलेलं आहे. विचारलं तर कोणीही सांगेल की आतला वायसर घासतो म्हणून पंप तापतो. घासण्याने थोडा तापतो, हे खरं. पण मग सगळा पंप सारखाच तापायला हवा. तसं होत नाही. जिथे हवा कोंबली जाते तिथेच चटका जास्त बसतो. म्हणजे बराचसा ताप हा दाबलेल्या हवेचा आहे. तुम्ही दट्ट्यावर जो जोर लावलात, तोच आत उष्णता होऊन बसला.

हवा म्हणा, गोबर गॅस म्हणा, कोणताही वायू म्हणा, त्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहायच्या असतात. त्याचा दाब किती, त्याने व्यापलेली जागा किती आणि तो किती तापलेला आहे. या तिघी एकमेकींशी अशा बांधलेल्या आहेत की एकीला हात लावला की निदान दुसरी तरी हलतेच. हे शाळेतल्या पुस्तकात असतं आणि पुस्तकातच राहतं. पण तुमच्या घरी फवारणीचा पंप असेल, ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, गोबर गॅस असेल किंवा विहिरीवर डिझेल इंजिन असेल, तर हा हिशोब तुमचाच आहे. तो न कळल्याने औषध वाया जातं, टायर फुटतात आणि प्रसंगी माणसाला इजा होते. म्हणून या पत्रकात तो जरा सावकाशीने पाहू.

वायू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक कण. ते सतत इकडून तिकडे धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आपटत असतात. या आपटण्यालाच आपण दाब म्हणतो. जागा निम्मी केली तर तेवढेच कण निम्म्या जागेत दुप्पट वेळा आपटतात, म्हणून दाब दुप्पट. आणि कण तापले की जास्त वेगाने धावतात, जोरात आपटतात, म्हणून पुन्हा दाब वाढतो. एवढी गोष्ट ध्यानात धरली तर पुढचं सगळं सोपं आहे.

जागा आणि दाब यांचं नातं रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलं. एका टोकाला बंद असलेली वाकडी काचेची नळी घेतली, तिच्यात पारा ओतत गेला आणि कोंडलेली हवा किती आकसते ते मोजत गेला. तापमान तेच राहिलं, तर दाब आणि जागा यांचा गुणाकार बदलत नाही, असं त्याला दिसलं. जागा तिसरा हिस्सा, तर दाब तिप्पट.

फवारणीचा पंप काठोकाठ का भरायचा नाही

आधी एक मेख सांगतो, कारण सगळे हिशोब तिथेच चुकतात. दाबाचा काटा जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब असतो. आपल्या भोवतालची हवा स्वतःच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब देत असते. चाक पूर्ण बसलं, काटा शून्यावर आला, तरी आत तो १ किलो असतोच. म्हणून हिशोब करताना काट्याच्या आकड्यात आधी १ मिळवायचा आणि उत्तर आल्यावर १ वजा करायचा.

आता हाताने हवा भरून चालवायचा फवारणी पंप घ्या. बॅटरीवरचे पंप आता पुष्कळ झाले आहेत, तरी परसबागेत, रोपवाटिकेत, पॉलिहाउसात हा पंप अजून वापरात आहे. समजा टाकी १२ लिटरची आहे. तुम्ही ९ लिटर औषधाचं पाणी घातलं, वर ३ लिटर जागा हवेला ठेवली आणि काटा ३ किलोवर येईपर्यंत हवा भरली. म्हणजे खरा दाब ४ किलो. तीन लिटर गुणिले चार, झाले १२. हा १२ चा आकडा आता बदलणार नाही.

एक लिटर फवारलं. हवेला ४ लिटर जागा मिळाली. बारा भागिले चार, म्हणजे ३ किलो. काट्यावर २. एकूण ३ लिटर फवारून झालं की हवेची जागा ६ लिटर, खरा दाब २, काट्यावर फक्त १ किलो. इथपर्यंत निदान तीन लिटर तरी काम झालं.

आता पुन्हा पुन्हा भरायचा कंटाळा म्हणून कोणी त्याच टाकीत ११ लिटर घातलं, तर हवेला जागा उरली १ लिटर. काटा ३ वर आणला. दोन-चार दणक्यांतच काटा वर चढतो, म्हणून माणूस खूश. पण इथे गुणाकार फक्त ४ आहे. एक लिटर फवारलं की हवेची जागा दुप्पट, खरा दाब २ आणि काटा १ वर. म्हणजे पहिल्या पंपात जे तीन लिटरनंतर झालं, ते इथे एकाच लिटरनंतर झालं.

दाब उतरला म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. औषध तर पडतंय ना? पडतंय, पण कसं पडतंय ते पाहा. दाब कमी झाला की नोझलमधून धुक्यासारखा फवारा येत नाही, जाड थेंब येतात. जाड थेंब पानावर ठरत नाहीत, घरंगळून मातीत जातात. पानाच्या मागच्या अंगाला बसलेल्या माव्याला तर त्यांचा स्पर्शही होत नाही. मग औषधात दम नाही म्हणून दुकानदाराशी भांडण, आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवून फवारणी. दोष औषधाचा नसतो, टाकीत हवेला जागा न ठेवल्याचा असतो. म्हणून अशा पंपात औषधाचं पाणी पाऊण टाकीपर्यंतच घाला आणि फवारा जाड होऊ लागला की थांबून पुन्हा हवा भरा.

अर्धीच टाकी भरली तर? दाब अधिक वेळ टिकेल, खरं आहे. पण ६ लिटर जागेत हवा भरायला पहिल्यापेक्षा दुप्पट दणके मारावे लागतील आणि औषध कमीच मावेल. पाऊण टाकी हा व्यवहारी मेळ आहे.

पाठीवरच्या दांड्याच्या पंपातही हवेची एक छोटी बंद कुपी असते. तुम्ही दांडा वर-खाली करता, तरी फवारा हिसके देत येत नाही, सलग येतो, तो या कुपीतल्या हवेमुळे. दांडा दाबला की ती आकसते, सोडला की ती फुगून पाणी पुढे ढकलते. फवारा तुटक येऊ लागला तर कुपी पाण्याने भरली आहे का, व्हॉल्व गळतो आहे का, हे आधी पाहा.

आणि काम संपल्यावर हवा भरलेल्या पंपाचं झाकण सरळ फिरवू नका. आधी दाब सोडा, काटा शून्यावर येऊ द्या, तोंड बाजूला ठेवा, मग झाकण. आत १ किलो दाब जरी उरला असला तरी औषधाचं पाणी थेट डोळ्यांत उडायला तेवढा पुरेसा आहे.

उन्हात तापलेलं चाक

आता तापमानाकडे वळू. १७८३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या जाक शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायूने भरलेला मोठा फुगा पॅरिसहून आकाशात सोडला. तो गोनेस नावाच्या खेड्यात जाऊन पडला. वरून धपकन पडलेलं आणि फुसफुसणारं हे काय जनावर आहे म्हणून गावकऱ्यांनी त्याच्यावर दाताळी घेऊन हल्ला चढवला आणि त्याच्या चिंध्या केल्या. आपणही त्या काळी असतो तर वेगळं काय केलं असतं!

याच शार्लने पुढे वायू तापवला की किती फुगतो याचे प्रयोग केले. ते त्याने छापले नाहीत. १८०२ साली गे-ल्युसॅक याने स्वतःचे प्रयोग छापताना त्याचं श्रेय सांगितलं. नियम असा की दाब तोच ठेवला, तर दर अंशाला वायू ठरावीक प्रमाणात फुगतो. शून्य अंशाला जेवढी जागा असेल तिचा २७३ वा हिस्सा. आणि जागा वाढूच दिली नाही, तर त्याच प्रमाणात दाब वाढतो. हिशोबासाठी सोपी युक्ती अशी की सेल्सिअसच्या अंशात २७३ मिळवा. २७ अंश म्हणजे ३००. ६७ अंश म्हणजे ३४०. मग त्रैराशिक मांडा.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचं चाक घ्या. समजा पहाटे चाक थंड असताना, २७ अंशांना, तुम्ही ६० पौंड हवा भरली. बाहेरच्या हवेचे सुमारे १५ पौंड मिळवा, खरा दाब ७५. भरल्या ट्रॉलीने दुपारी डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गेलात. वरून ऊन, खालून रस्ता, आणि टायर सतत दबून-उठून आतून तापतो तो वेगळाच. आतली हवा ६७ अंशांवर गेली असं धरू. पंच्याहत्तर गुणिले ३४० भागिले ३००, झाले ८५. पंधरा वजा करा, काट्यावर ७० पौंड. थेंबभर हवा न भरता दहा पौंड वाढले.

आता ड्रायव्हर रस्त्याकडेला थांबतो, काटा लावतो, ७० बघून घाबरतो आणि दहा पौंड हवा सोडून देतो. शहाणपण वाटतं, पण इथेच घात होतो. रात्री चाक थंड झालं की त्याच हवेचा खरा दाब ७५ गुणिले ३०० भागिले ३४०, म्हणजे सुमारे ६६ उरतो आणि काट्यावर ५१. दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली कमी हवेच्या चाकांवर भरली जाते. कमी हवेचं चाक जास्त बसतं, दर फेऱ्याला जास्त दबतं, त्यामुळे जास्त तापतं. टायरच्या बाजूची भिंत आतून शिजत जाते. टायर फुटतो तेव्हा सगळे म्हणतात, उन्हाने हवा वाढली म्हणून फुटला. पुष्कळदा तो हवा कमी असल्यामुळे तापून फुटलेला असतो.

म्हणून हवा नेहमी चाक थंड असताना मोजा, कामाला लागण्याआधी. तापलेल्या चाकातली हवा सोडू नका. टायर बनवणारे जो आकडा सांगतात तो थंड चाकाचा असतो आणि तापून वाढणारा दाब त्यांनी आधीच धरलेला असतो. रस्त्यात काटा फारच वर दिसला तर हवा न सोडता सावलीत थांबा आणि ओझं जादा झालंय का ते बघा. बहुतेक वेळा ते झालेलं असतं! काटा फार महाग वस्तू नाही. टायरला लाथ मारून किंवा हातोडी ठोकून हवा ओळखणारे पुष्कळ आहेत, पण दहा पौंडांचा फरक लाथेला कळत नाही.

पहाटे गोबर गॅसची टाकी का उतरते

हिवाळा आला की गोबर गॅसबद्दल हमखास विचारणा होते. संध्याकाळी टाकी चांगली वर होती, रात्री कोणी शेगडी पेटवली नाही, तरी सकाळी टाकी खाली. गॅस गेला कुठे?

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅसवरचा दाब टाकीच्या वजनाने ठरतो. टाकीचं वजन बदलत नाही, म्हणून दाबही जवळजवळ बदलत नाही. मग थंडीने बदलायचं ते जागेनेच बदलायचं. दुपारच्या उन्हात लोखंडी टाकीतला गॅस ४७ अंशांवर होता, म्हणजे ३२० वर. पहाटे तो १२ अंशांवर आला, म्हणजे २८५ वर. तीनशे वीसचे दोनशे पंच्याऐंशी झाले. गॅसने भरलेली उंची १०० सेंटिमीटर असेल तर ती ८९ झाली. अकरा सेंटिमीटर टाकी उतरली आणि गॅस मात्र होता तेवढाच आहे. ऊन चढलं की टाकी पुन्हा वर येईल. यात गळती नाही की शेजाऱ्याने नळी जोडलेली नाही.

गळतीची शंका असेल तर टाकीवर खडूने खूण करा ती पहाटे करा आणि दुसरी खूण दुसऱ्या पहाटे करा. संध्याकाळची खूण आणि सकाळची खूण यांची तुलना करू नका. सांधे आणि कॉक साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीही नाही.

पण हिवाळ्यात गॅस खरोखरही कमी तयार होतो आणि ते कारण निराळं आहे. शेणकाल्यातले जिवाणू सुमारे ३५ अंशांना जोमाने काम करतात. गारवा वाढला की त्यांचं काम मंदावतं आणि १५ अंशांच्या खाली फारच रेंगाळतं. टाकीचं आकसणं दहा-बारा टक्क्यांचं, सकाळी होऊन दुपारी भरून येणारं. जिवाणूंचं मंदावणं मात्र दुपारीही भरून येत नाही. त्यावर उपाय म्हणजे शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी वापरणं, संयंत्राभोवती पाचट किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर देणं आणि थंडीत पाणी गरजेपेक्षा जास्त न घालणं.

दीनबंधू पद्धतीचं, १९८४ साली आलेलं, पक्क्या घुमटाचं संयंत्र असेल तर गोष्ट थोडी उलटते. तिथे घुमट हलत नाही. गॅस साठत जातो तसा तो शेणकाल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो आणि दाब वाढत जातो. म्हणून सकाळी शेगडीची ज्योत जोरात आणि गॅस संपत आला की मंद. अशा ठिकाणी शेगडीचा हवेचा पडदा दाबाप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो. घरातल्या बायांना हे अनुभवाने माहीत असतं, पुरुषांना सांगावं लागतं.

आणखी एक. टाकीतला कोमट गॅस आपल्याबरोबर पाण्याची वाफ घेऊन निघतो. नळी थंड असली की वाफेचं पाणी होतं आणि नळीच्या खोलगट भागात साचतं. ज्योत फडफडू लागली तर ते पाणी अडलं आहे असं समजा. नळी उताराने बसवा आणि पाणी काढायची तोटी थंडीत दर दोन-तीन दिवसांनी उघडत जा.

ठिणगीवाचून पेटणारं इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. तिथे सायकल-पंपाचाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. सिलिंडरभर हवा दट्ट्याने साधारण सतरा-अठरावा हिस्सा होईपर्यंत दाबली जाते, तीही क्षणात. उष्णतेला बाहेर जायला सवड मिळत नाही आणि हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो.

इथे बॉइलचा हिशोब एकटा पुरत नाही. जागा सतरावा हिस्सा झाली, म्हणून दाब १७ पट व्हायला हवा. पण तापमानही ३०० वरून ८०० वर गेलं, म्हणजे आणखी अडीच पटींहून अधिक. दोन्ही गुणले की कागदावर सुमारे ४५ पट येतो. प्रत्यक्षात थोडी गळती होते, लोखंड थोडी उष्णता खातं, म्हणून त्यापेक्षा कमी.

थंडीच्या पहाटे इंजिन चालू होत नाही त्याचं कारण आता उघड आहे. हवा मुळातच गार, लोखंड गार, तेल घट्ट. हॅंडल सावकाश फिरलं की दाबली जाणारी हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि तिची उष्णता सिलिंडरच्या भिंती ओढून घेतात. डिझेल पेटेल इतकी हवा तापतच नाही. म्हणून झडप उचलून धरणारी कळ ज्या इंजिनाला आहे, तिथे कळ उचलून आधी जोरदार वेग घ्यावा आणि मग ती सोडावी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कोमट पाणी घातलं तर लोखंड आधीच ऊबदार होतं. हवा ओढण्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची जी खोड आहे ती मात्र सोडा, तिने हात आणि खोपी दोन्ही जळतात. आणि उन्हाळ्यातही इंजिन रोज त्रास देत असेल तर दोष थंडीचा नाही, रिंगा झिजल्या आहेत.

रिकामे डबे, पिंप आणि सिलिंडर

दोनशे लिटरचं रिकामं पिंप झाकण घट्ट लावून उन्हात ठेवलं आणि आतली हवा २७ वरून ५७ अंशांवर गेली, तर दाब दहा टक्क्यांनी वाढतो. काय ते दहा टक्के, असं वाटेल. पण पिंपाचं झाकण सुमारे २५०० चौरस सेंटिमीटरचं असतं. दर सेंटिमीटरला शंभर ग्रॅम धरले तरी झाकणावर आतून अडीचशे किलोंचा रेटा येतो. झाकण फुगतं ते म्हणून. अशा पिंपाचं बूच एकदम काढू नका, तोंड बाजूला धरून हळूहळू ढिलं करा.

औषधाचे रिकामे डबे बूच लावून शेकोटीत टाकण्याची रीत तर फार धोक्याची. ३२७ अंशांना, म्हणजे जाळात अगदी सहज, बंद डब्यातल्या हवेचा दाब दुप्पट होतो आणि तळाशी औषध उरलेलं असलं तर त्याच्या वाफेमुळे आणखी कितीतरी वाढतो. डबा बॉम्बसारखा फुटतो, शिवाय धूर विषारी. डबे तीन वेळा धुवा, ते धुवण फवारणीच्या टाकीतच घाला, मग डब्यांना भोकं पाडा म्हणजे कोणी त्यात तेल-पाणी भरणार नाही. डिझेलचं रिकामं पिंपही वेल्डिंगला देण्याआधी नीट धुऊन उघडं ठेवा. आत उरलेली वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.

स्वयंपाकाच्या सिलिंडरला मात्र वरचा हिशोब लागू होत नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यात १४.२ किलो गॅस असतो तो बहुतांशी पातळ रूपात, वायू थोडाच. जोवर थेंबभर पातळ गॅस शिल्लक आहे तोवर आतला दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरला यावर नाही. म्हणून ज्योत पाहून उरलेला गॅस कळत नाही, वजनच करावं लागतं. किंवा सिलिंडरवर ओलं फडकं फिरवा. वरचा भाग आधी सुकेल, खालचा ओला राहील, आणि ओलीची रेघ असेल तिथवर गॅस. सिलिंडर मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत, कारण पातळ गॅसही तापला की फुगतो आणि त्याला जागा लागते. थंडीत ज्योत मंदावली म्हणून सिलिंडर गरम पाण्यात उभा करू नका, आडवा पाडू नका आणि चुलीजवळ सरकवू नका.